विकतचे अवतार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, आमच्या नागपुरात रूपे घडविण्याचा आणि रूपे घेण्याचा मोठा उत्सव असतो. सकाळी महाल-इतवारीच्या रस्त्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते, त्यांच्या संगतीने बडगे निघतात, आणि वर्षभराची इडापिडा गावाबाहेर नेऊन जाळली जाते. संध्याकाळी त्याच गल्ल्यांतून लहान मुले लाकडी बैल ओढीत हिंडतात. कोणी शिवाजी महाराज झालेला असतो, कोणी झाशीची राणी, कोणी निळा कोट चढवून बाबासाहेब. घरोघरी बैलाची पूजा होते आणि पोरांच्या मुठीत बोजारा पडतो. हा तान्हा पोळा दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनी सुरू केला असे सांगतात. कसाही सुरू झाला असो, लहान मुलाने आज आपण कोण व्हावयाचे हे ठरवून घराबाहेर पडण्याची चाल या गावात फार जुनी आहे एवढे खरे.

गेल्या तान्ह्या पोळ्याला आमची दहा वर्षांची नात मात्र बैल घेऊन निघाली नाही. ती एका कोपऱ्यात पाटीएवढा पडदा मांडीवर घेऊन बसली होती. आजकाल लक्षावधी मुले ज्या आभासी जगांत खेळतात, त्यांपैकी एकात ती आपला 'अवतार' घडवीत होती. आम्ही डोकावून पाहिले. गोरीपान कातडी, निळे डोळे, गुडघ्यापर्यंत पिंगट केस. आम्ही सहज विचारले, "ही कोण ग?" ती म्हणाली, "मी." "मग तुझ्यासारखी का नाही?" तेव्हा तिने बोटाने पडदा सरकवून दुसरी एक आकृती दाखविली, सावळी, आखूड केसांची, साध्या सदऱ्यातली. ती तिनेच पहिल्यांदा केलेली होती आणि पुष्कळ अंशी तिच्यासारखी होती. "ही पण मीच. पण हे फुकटचं अंग आहे, आजोबा. हे घालून गेलं की सारे हसतात."

फुकटचे अंग! आम्ही आजवर पुष्कळ टीकाग्रंथ वाचले, परंतु या नव्या व्यवहाराचे इतके अचूक वर्णन आम्हांस कोठे आढळले नाही. जे अंग ईश्वराने वा आईबापांनी फुकट दिले ते हसण्यासारखे, आणि जे दुकानातून आणले ते अंगावर मिरविण्यासारखे, ही समजूत दहा वर्षांच्या मुलीस कोणी शिकविली? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहो. तो लिहिताना आमचे भांडण मुलांशी नाही, यंत्राशीही नाही. ते दुकानाशी आहे, आणि त्याहून अधिक आमच्या स्वतःच्या वर्गाशी आहे.

आरंभी शब्दाचा हिशेब चुकता केला पाहिजे, कारण शब्द आमचा आहे. 'अवतार' म्हणजे खाली उतरणे. जो वर आहे, ज्याला काही उणे नाही, त्याने आपण होऊन मर्यादा पत्करणे. या शब्दाचा बारकाईने विचार मराठी गद्याने आपल्या बालपणीच केला, आणि तोही आमच्या विदर्भात, ऋद्धपूरच्या महानुभावांच्या मेळाव्यात. अवतार देह कसा धारण करतो, गर्भातून येतो की आधीच असलेला देह स्वीकारतो, याची त्यांनी शास्त्रशुद्ध वर्गवारी केली होती. गुजरातेतील प्रधानाचा पुत्र हरिपाळदेव निधन पावला आणि त्याच्या देहात चांगदेव राऊळांनी प्रवेश केला, तेच पुढे चक्रधरस्वामी झाले, अशी त्यांची श्रद्धा आहे. ती श्रद्धा ज्यांची नसेल त्यांनीही त्या कथेतील एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तो देह घेतला म्हणजे त्या देहाचा पिता आला, पत्नी आली, द्यूतातील हार आली आणि त्या हारीचे देणे देण्याची विवंचनाही आली. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्रा'त हे सारे नोंदून ठेवले. देह घ्यावयाचा आणि देहाची नाती मात्र घ्यावयाची नाहीत, अशी सवलत त्या अवतारकल्पनेत नव्हती.

हा शब्द सातशे वर्षांनी समुद्रापलीकडे गेला. १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांनी आपल्या 'अल्टिमा' या संगणकीय खेळाच्या चौथ्या भागास 'अवताराचा शोध' अशा अर्थाचे नाव दिले. त्या खेळात राक्षस मारून जिंकावयाचे नसून सद्गुण अंगी बाणवून 'अवतार' या पदास पोचावयाचे होते, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. त्याच सुमारास ल्यूकासफिल्म या संस्थेच्या 'हॅबिटॅट' या खेळात पडद्यावरील खेळाडूच्या आकृतीलाच अवतार म्हणू लागले, आणि १९९२ साली नील स्टीफन्सन यांच्या 'स्नो क्रॅश' या कादंबरीने तो शब्द सर्वतोमुखी केला. २००३ साली उघडलेल्या 'सेकंड लाइफ' या आभासी जगाने अवताराची बाजारपेठ उभी केली. २०२० च्या मध्यास फेसबुकने भारतातील आपल्या ग्राहकांच्या हाती अवतार घडविण्याची सोय दिली. २०२२ च्या जूनमध्ये त्याच कंपनीने अवतारांसाठी कपड्यांचे दुकान थाटले आणि प्राडा, बॅलेन्सियागा यांसारख्या पेढ्यांची वस्त्रे आभासी अंगांसाठी खऱ्या पैशाने विकावयास ठेवली. सद्गुणांच्या शोधापासून सदऱ्याच्या खरेदीपर्यंतचा हा प्रवास सदतीस वर्षांत पुरा झाला.

आता या व्यवहाराचे समर्थक काय म्हणतात ते प्रामाणिकपणे मांडू. ते म्हणतात : जन्माने मिळालेला देह हा एक अपघात आहे. रंग, उंची, लिंग, व्यंग यांपैकी काहीही मनुष्याने निवडलेले नसते. आभासी जगात प्रथमच मनुष्यास आपले रूप स्वतः घडविता येते. हे स्वातंत्र्य आहे, आणि ज्या देशात देहाच्या जन्मावरून मनुष्याची किंमत ठरविण्याची परंपरा इतकी जुनी, त्या देशाने तर त्याचे स्वागत केले पाहिजे.

हा युक्तिवाद पोकळ नाही. त्याच्या बाजूने एक उदाहरण तर असे आहे की ते ऐकून आम्ही निरुत्तर झालो होतो. नॉर्वे देशातील मॅट्स स्टीन हा तरुण स्नायूंच्या असाध्य विकाराने चाकाच्या खुर्चीस खिळलेला होता. तो २०१४ साली पंचविसाव्या वर्षी वारला. मुलगा एकाकी गेला असे आईबापांस वाटत होते. त्याच्या मृत्यूची वार्ता त्यांनी त्याच्या खेळातील मंडळींस कळविली, तेव्हा देशोदेशींहून पत्रे आली आणि काही अनोळखी माणसे अंत्यविधीस हजर राहिली. एका आभासी जगात 'इबेलिन' नावाचा धडधाकट अवतार घेऊन तो वर्षानुवर्षे वावरत होता, कोणाचे सांत्वन करीत होता, कोणाची मायलेकांतली दुरी मिटवीत होता. त्याच्यावर निघालेला माहितीपट २०२४ साली जगाने पाहिला. अशा मनुष्यास 'तू खोटे रूप का घेतलेस' असे विचारणारा स्वतःच निर्बुद्ध ठरेल.

परंतु हेच उदाहरण नीट पाहिले तर ते आमच्या बाजूचे आहे. इबेलिनसाठी जी माणसे रडली ती त्याच्या रुंद खांद्यांसाठी रडली नाहीत. तशा खांद्यांचे अवतार त्या जगात हवे तेवढे होते. तो ठरल्या वेळी येत असे, ऐकून घेत असे, चुकला तर क्षमा मागत असे, म्हणून ती रडली. त्याने रूप घेतले आणि त्या रूपाची नातीही घेतली. हा खरा अवतार. दुकानदार जे विकतो ते केवळ खांदे होत.

मग स्वातंत्र्याचे काय? आमचे म्हणणे असे की, या व्यवहारात 'घडविणे' हा शब्द 'निवडणे' या शब्दाच्या जागी लबाडीने बसविलेला आहे. आमच्या नातीने काय घडविले? तिने नाकांच्या यादीतून एक नाक उचलले, केसांच्या यादीतून केस उचलले, डोळ्यांच्या रांगेतून डोळे उचलले. ती यादी कोणी केली? हजारो कोस दूर बसलेल्या कोणा कारागिराने, आणि त्यात काय असावे हे त्याच्या मालकाने खपाचा अंदाज घेऊन ठरविले. त्या यादीत नऊवारी नव्हती, असती तरी तिचा काष्टा नसता. कारण या जगातील वस्त्रे झगा आणि विजार या दोन साच्यांवर बेतलेली असतात, आणि दोन पायांमधून मागे खोचलेले न शिवलेले वस्त्र त्या साच्यांत बसत नाही. त्या यादीत हनुवटीवरचे गोंदण नव्हते, कानातली बुगडी नव्हती, तेल लावून चापून घातलेली वेणी नव्हती. शेवया आणि नूडल्स यांतून एक निवडा, असे सांगणाऱ्या खानावळीत भाकरी मागण्याचे स्वातंत्र्य असते काय? आणि त्या खानावळीत रोज जेवणाऱ्या मुलाला हळूहळू भाकरी हे अन्नच नव्हे असे वाटू लागले, तर दोष मुलाचा काय?

सर्वांत मोठा डाग रंगाचा आहे. यादीत सावळा वर्ण नसतो असे नाही. अलीकडे तो बहुतेक ठिकाणी असतो. तरी सावळ्या मुलीचे बोट गोऱ्या रंगावर जाऊन थांबते. येथे परदेशी दुकानदारास शिव्या देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि आमचा वर्ग ते आनंदाने करील. परंतु त्या बोटाला वळण कोणी लावले? १९७५ साली या देशात 'फेअर अँड लव्हली' नावाची मलमाची नळी विक्रीस आली आणि २०२० साली तिचे नाव बदलेपर्यंत पंचेचाळीस वर्षे ती त्याच नावाने आमच्या आरशांपुढे उभी होती. ती कोणी विकत घेतली? वधूवरसूचक मंडळांच्या रकान्यांत 'गोरी, सडपातळ' ही विशेषणे कोणी भरली? बाळंतिणीच्या खोलीत डोकावून "रंग बापावर गेला हो" असे हळहळून कोण म्हणाले? आम्हीच. आमच्या घरातही हे बोलले गेले, आणि नातीने ते ऐकले असावे. आभासी जगाच्या दुकानदाराने तो न्यूनगंड निर्माण केला नाही. त्याने तो तयार पाहिला आणि त्यावर किंमतीची चिठ्ठी डकविली, इतकेच. पूर्वी गोरेपण मिळत नसे म्हणून मुली रडत. आता ते विकत मिळते, म्हणून फुकटचे अंग घालून येणारीला हसता येते.

कोणी म्हणेल, हा पोरखेळ आहे. पडद्यावरचे रूप पडदा विझला की संपते. तसे ते संपत नाही. २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी काही तरुणांस आभासी जगात निरनिराळी रूपे दिली. ज्यांना उंच रूप मिळाले ते पैशाच्या वाटणीत अधिक ताठ बसले. ज्यांना देखणे रूप मिळाले ते परक्याच्या अधिक जवळ गेले आणि स्वतःविषयी अधिक बोलले. रूप माणसाला आपल्यासारखे वागावयास लावते, हा त्या प्रयोगाचा निष्कर्ष. आमच्या कोकणातील दशावतारी नटाला हे प्रयोगशाळेवाचून ठाऊक आहे. तो आपले तोंड आपल्या हाताने रंगवितो, लिहिलेल्या संहितेवाचून रात्रभर राजा होऊन बोलतो, आणि पहाटे रंग उतरवून पुन्हा आपल्या शेतावर जातो. सोंग अंगात शिरते हे त्याला माहीत असते, म्हणूनच ते चढविण्याला आणि उतरविण्याला त्याच्याकडे वेळ, रीत आणि समोर बसलेला गाव असतो. आमच्या मुलांना सोंग मिळाले, परंतु ते उतरविण्याची पहाट कोणी दिली नाही.

शिवाय हे विकतचे अंग खरोखर विकत तरी मिळते काय? तेही नाही. ते भाड्याने मिळते. गूगलने 'लाइव्हली' नावाचे आभासी जग २००८ च्या जुलैत उघडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मिटले. सोनीचे 'प्लेस्टेशन होम' २०१५ च्या मार्चअखेर बंद झाले. मायक्रोसॉफ्टने 'ऑल्टस्पेस' हे जग २०२३ च्या मार्चमध्ये आवरले. त्या त्या जगांत ज्यांनी रूपे सजविली, वस्त्रे घेतली, त्यांची ती सारी संपत्ती मालकाच्या एका सूचनेने नाहीशी झाली. नागपुरात भाडेकरूला घर सोडताना आपला पाटा-वरवंटा तरी नेता येतो. येथे तोही घरमालकाचा! आणि ही जगे चालविणाऱ्यांच्या कौशल्याविषयी फार आदर बाळगण्याचेही कारण नाही. फेसबुकच्या मालक कंपनीने २०२१ साली आपले नावच बदलून या जगावर सर्वस्व पणाला लावले, तरी तिच्या अवतारांना कंबरेखाली काही नव्हते. २०२२ च्या ऑक्टोबरात पाय आल्याची घोषणा मोठ्या थाटात झाली; मागाहून कळले की घोषणेतील ते चालणे-उड्या मारणे दाखविण्यासाठी वेगळ्याने तयार केलेले होते. ज्याला जमिनीवर टेकण्यास पाय नाहीत अशा आकृतीस आमचा 'अवतार' हा शब्द दिला गेला, याहून मोठा विनोद कोणत्या प्रहसनात सापडणार?

येथवर वाचून काही वाचक समाधानाने मान डोलावीत असतील आणि मनात म्हणत असतील, 'तेव्हा बंद करा हे सारे. घ्या काढून पोरांच्या हातातून.' त्यांची निराशा करणे आम्हांस भाग आहे. बंदीचा मार्ग आम्हांस मान्य नाही. आमच्या पूर्वजांनी नाटके पाहण्यास बंदी केली, मुलींनी रंगभूमीवर येण्यास बंदी केली, आणि प्रत्येक वेळी पुढच्या पिढीने त्या बंदीस हसून आपला मार्ग धरला. धोका आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मारबतीच्या कथांत पूतना येते; ती राक्षसी आपल्या रूपात गोकुळात आली नव्हती, सुंदर स्त्रीचे रूप घेऊन तान्ह्या मुलापाशी आली होती. मुलाच्या रूपात मुलांशी बोलणारा अनोळखी प्रौढ ही आजची पूतना आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यास आईबापांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक ठरविली, ही चांगली गोष्ट झाली. पण जो बाप न वाचता 'मान्य' या शब्दावर बोट ठेवतो त्याचे रक्षण कोणता कायदा करणार? पूतनेस ओळखण्यासाठी मुलाशेजारी कोणी तरी बसावे लागते. ते काम कायद्याचे नव्हे, घराचे आहे.

मग आमची मागणी काय? ती एका वाक्यात अशी : मुलांना अवतार निवडू देऊ नका, अवतार घडवू द्या.

हे अशक्य आहे असे ज्यांस वाटते त्यांनी मारबत कशी होते ते पाहावे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, तिचा राग काळ्या मारबतीच्या रूपाने गावाने व्यक्त केला असे परंपरा सांगते. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाने सुरू केली. पोळ्याच्या कितीतरी आधीपासून वस्तीतली माणसे कामाला लागतात. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागदाचे अंग, त्यावर रंग. बडग्यांचे तर दरवर्षी नवे विषय : कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी गावाला छळणारा एखादा रोग. कोणते रूप करावयाचे हे गल्ली ठरविते, करणारे हात गल्लीचे असतात, आणि ते चांगले साधले की फसले याचा निवाडाही रस्त्यावर उभे असलेले गावच करते. कोणत्याही दुकानात मारबत मिळत नाही.

आता आभासी अवतार कसा होतो ते पाहा. प्रथम लहान लहान त्रिकोणांची एक जाळी विणून अंगाचा आकार करतात. मग त्या जाळीवर कातडीचे चित्र चढवितात. आत हाडांचा सांगाडा बसवितात, आणि कोणते हाड हलले असता कातडीचा कोणता भाग किती हलावा हे कुंचल्याने रंगवून ठरवितात. सांगाडा, अंग, रंग! कामटीच्या जागी त्रिकोण आला एवढाच फरक. या कामाचे 'ब्लेंडर' नावाचे साधन २००२ सालापासून सर्वांस मोफत आणि मुक्त आहे. व्हीआरचॅटसारख्या जगात आपण घडविलेला अवतार नेता येतो; सेकंड लाइफने २००३ सालीच रहिवाशांनी केलेल्या वस्तूंवरील निर्मितीचा हक्क रहिवाशांचा असे मान्य केले होते. म्हणजे वाट बंद नाही. आम्ही तिच्यावर पाऊल टाकीत नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे कुरळे केस आभासी जगात कोणी धड करीत नाही हे पाहून ए. एम. डार्क या कलावंत-अध्यापिकेने तशा केसांच्या नमुन्यांचे मुक्त भांडार उभारले. त्यांनी दुकानदारापुढे पदर पसरला नाही. आमच्या काष्ट्याचे, अंबाड्याचे, गोंदणाचे, कोसाच्या साडीचे भांडार कोणी उभारावयाचे? कॅलिफोर्नियातील कारागिराने?

ज्या गावात शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, विश्वेश्वरय्यांच्या नावाची तंत्रज्ञान संस्था आहे आणि विदर्भ साहित्य संघाचे शतक ओलांडलेले घर आहे, त्या गावाने हे काम अंगावर घ्यावे असे आम्हांस वाटते. चित्रकाराने आकार द्यावा, अभियंत्याने सांगाडा द्यावा, आणि भाषेच्या माणसाने प्रत्येक वस्तूचे मराठी नाव द्यावे. त्यातून मोठे कलावंत निपजतील अशी आमची कल्पना नाही. पण ज्या मुलीने एकदा आपल्या हाताने नाकाचा आकार घडविला, तिला कळते की नाक हे कोणी तरी ठरविलेले असते. आणि मग यादीतले नाक पाहून ती विचारते, हे कोणी ठरविले? हा प्रश्न विचारता येणे म्हणजेच स्वातंत्र्य. उरलेले सारे ग्राहकत्व.

शेवटी एक जुनी गोष्ट, आणि तीही आमच्याच मुलखातील. दमयंती ही विदर्भाची राजकन्या. तिच्या स्वयंवरात नळाच्या शेजारी इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचेच रूप घेऊन बसले. पाच नळ, पाचही सारखे देखणे. महाभारतातील ही कथा रघुनाथपंडितांमुळे मराठी वाचकांच्या ओळखीची आहे. दमयंतीने देवांनाच शरण जाऊन आपली चिन्हे प्रकट करण्याची विनंती केली, आणि तेव्हा तिला दिसले की चौघांच्या अंगावर घाम नाही, पापणी लवत नाही, माळा कोमेजत नाहीत आणि पाय भुईला टेकलेले नाहीत. पाचव्याच्या अंगावर धूळ होती, घाम होता, माळ सुकलेली होती आणि त्याची सावली पडली होती. तिने त्याच्या गळ्यात माळ घातली. समोर देवांची निर्दोष रूपे असताना विदर्भाच्या मुलीने घामेजलेला माणूस निवडला, आणि तो ओळखता यावा म्हणून देवांकडूनही खरेपणाची खूण मागून घेतली.

आमच्या नातीला आम्ही ही गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली आणि विचारले, "घाम कसा काढायचा पण, आजोबा? यादीत नाही." आम्हांस उत्तर आले नाही. ते शिकविणारा कोणी या गावात असेल तर त्याच्या शोधात आम्ही आहो. आणि ज्या वाचकांच्या घरी अशीच एखादी मुलगी कोपऱ्यात बसून फुकटचे अंग लपवीत असेल, त्यांनीही त्या शोधात आमच्याबरोबर यावे. येता पोळा फार दूर नाही.